चाळीस आणि बेचाळीस

जुन्या इंजिनातलं बेअरिंगचं शेल, म्हणजे अर्धगोल पातळ पत्रा, मी नव्याने आणलेल्या रॉडमध्ये ठेवलं आणि ते खुळखुळलं. रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी, इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा दुवा. शेल असं खुळखुळत नाही. सुटं असताना ते रॉडच्या भोकापेक्षा किंचित पसरट असतं, अंगठ्याने दाबून बसवावं लागतं आणि बसलं की रॉड उलटा धरला तरी पडत नाही. हे मात्र बशीत ठेवलेल्या नाण्यासारखं हललं. व्हर्नियर उचलायच्या आधीच माझ्या पोटात खड्डा पडला होता, कारण चारही रॉडचे पैसे देऊन झाले होते.

गाडी माझी, पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. मागच्या चाकांवर चालणारी जुनी कोरोला, तिच्यात टोयोटाचं ४ए-जीई इंजिन. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, ८१ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७७ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), १५८७ सीसी. कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांनी केलेले भाग मोजते. गुणवत्ता तपासणी हे माझं काम. सुटीच्या दिवशी मात्र स्वतःच्या हाताने काहीतरी जोडावंसं वाटतं, आणि ते 'काहीतरी' बहुतेक वेळा ही गाडीच असते.

बिघाडाचं कारण साधं होतं. तेल कमी होतं आणि ते मला माहीत होतं. घरी गेल्यावर भरू म्हणून पुढे निघाले. एका लांब वळणावर दिवा लुकलुकला, पुन्हा विझला, आणि दुसऱ्या दिवसापासून इंजिनाच्या पोटातून ठोक्यांचा आवाज यायला लागला. पाय उचलला की ठोका स्पष्ट, हलक्या भाराला जास्त. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढली की आवाज निम्म्यावर यायचा. एवढ्यावरून दुखणं कुठे आहे ते कळलं: तिसऱ्या रॉडचं बिग एंड, क्रँकला धरणारं मोठं टोक.

इंजिन उतरवलं, तळाचं तेलाचं चेंबर काढलं, तिसऱ्या रॉडची कॅप, म्हणजे मोठ्या टोकाचा सुटा होणारा अर्धा भाग, सोडली. शेलचा वरचा मऊ थर गेला होता आणि खालचं पोलाद दिसत होतं. जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या ज्या गोल भागावर रॉड बसतो त्यावर, नखाला लागतील अशा चरा. रॉडचं मोठं टोक निळसर पडलेलं. पोलादाला तो रंग आला म्हणजे त्याने नको तेवढी उष्णता खाल्ली, आणि असा रॉड मी परत वापरत नाही. इथे मी कुणाचंही ऐकणार नाही.

आमच्या टूलरूममधून निवृत्त झालेले एक काका आहेत. मायक्रोमीटर हातात कसा धरायचा हे मला त्यांनी शिकवलं. त्यांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "अगं, आधी क्रँक मोज. रॉडचं नंतर बघू." मी आधी रॉड शोधले. त्यांचं ऐकलं असतं तर हा लेख अर्धाच झाला असता.

माझा विचार असा होता. एक रॉड शोधत बसण्यापेक्षा त्याच इंजिनाच्या पुढच्या आवृत्तीतले चारही रॉड घ्यावेत. ते जास्त दणकट असतात हे सगळेच सांगतात, आणि ते खरंही आहे. इंजिनाचं नाव तेच, बोअर तोच, स्ट्रोक तोच, रॉडची लांबी दोन्हीकडे १२२ मिलिमीटर. बसायला हवेत. एका जुने भाग विकणाऱ्याकडे संच मिळाला आणि मी तो घेऊन टाकला.

आता ४ए-जीईची वंशावळ सांगते, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. हे इंजिन १९८३ साली आलं. सुरुवातीच्या ब्लॉकला बाहेरून मजबुतीच्या तीन फासळ्या असतात आणि क्रँकच्या ज्या जर्नलवर रॉड बसतात त्यांचा व्यास ४० मिलिमीटर. १९८७ मध्ये फासळ्या सात झाल्या आणि जर्नल ४२ मिलिमीटरचं झालं. १९८९ मध्ये हेडची इनटेकची (हवा आत घेणारी) भोकं लहान केली, पिस्टन बदलून दाबाचं गुणोत्तर ९.४ वरून १०.३ वर नेलं, रॉड आणखी जाड केले आणि पिस्टनच्या पोटावर तेल मारणाऱ्या नळ्या ब्लॉकमध्ये आल्या. त्याच रॉडच्या वरच्या टोकाला गजन पिनही (रॉडला पिस्टनशी जोडणारी) १८ ऐवजी २० मिलिमीटरची. या सगळ्या काळात नाव एकच राहिलं. माझा ब्लॉक तीन फासळ्यांचा आणि टेबलावरचे रॉड १९८९ नंतरचे.

व्हर्नियरने जुन्या रॉडचं भोक ४३ आलं, नव्याचं ४५. शेलची जाडी साधारण दीड मिलिमीटर, दोन बाजूंची मिळून तीन. वजाबाकी केली की चाळीस आणि बेचाळीस समोर येतात. दोन मिलिमीटर म्हणजे माझ्या व्यवसायात मैलभर अंतर. बेअरिंग आणि जर्नल यांच्यात तेलासाठी जी जागा सोडतात ती शतांशांत असते, या इंजिनाला ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर.

मग डोकं पळवाटा शोधायला लागलं. एक मिलिमीटर जास्त जाडीची शेलं करून घेतली तर? नाही. शेल त्याच्या जिभेमुळे, म्हणजे कडेच्या छोट्या उंचवट्यामुळे, जागेवर राहतं असा समज आहे, पण जीभ फक्त बसवताना शेल नीट लागावं म्हणून असते. शेलला धरून ठेवतो तो दाब. अर्धं शेल रॉडच्या कडेपेक्षा केसभर वर उरतं, कॅप आवळली की ते जास्तीचं धातू दाबलं जातं आणि शेल भोकाच्या भिंतीला घट्ट चिकटतं. त्या चिकटण्यातूनच त्याची उष्णताही रॉडमध्ये जाते. कुठल्या तरी लेथवर कातलेल्या जाड तुकड्याकडून ही सगळी कामं होतील असं मी मानू शकत नाही.

दुसरी वाट उलट्या दिशेची आणि खरोखर सुंदर आहे. बेचाळीसचा क्रँक घ्यायचा आणि त्याची जर्नलं चाळीसपर्यंत घासायची, पण मधोमध न घासता केंद्र एक मिलिमीटर बाहेर सरकवून. मग जुने चाळीसचे रॉड बसतात आणि स्ट्रोक ७७ चा ७९ होतो. हिशेब केला तर इंजिन १६२८ सीसीचं होतं. त्या रात्री मी वहीत याची दोन पानं भरली. पण पिस्टन एक मिलिमीटर जास्त वर येणार, म्हणजे पिस्टनही वेगळे हवेत. शिवाय जुने रॉड परत वापरायचे, आणि त्यातला एक निळा पडलेला. पान उलटलं.

कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की एवढं कशाला, जुन्यासारखा एकच रॉड शोध, क्रँकवर पाव मिलिमीटर ग्राइंडिंग कर, शेलं त्या मापाची घाल. हे चुकीचं नव्हतं. तशी शेलं मिळतात. पण तो पुढे म्हणाला, "जुन्या रॉडचं वजन थोडं इकडेतिकडे असलं तर काय होतंय?" इथे मात्र मी अडले. सरळ चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन वर जातात तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली येतात. चारही सारखे असतील तर फेऱ्याच्या गतीने येणारे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात ते दुप्पट गतीचे, आणि ते या रचनेत राहणारच. त्यामुळे चारही रॉड सारखेच जड असले तर समतोल बिघडत नाही, फक्त बेअरिंगांवरचा भार आणि हे उरलेले धक्के थोडे वाढतात. एकच वेगळा असला तर जे धक्के मिटायला हवेत ते मिटत नाहीत. रॉड बदलायचे तर चारही एका कुटुंबातले हवेत.

मग काकांकडे गेले, रॉड पिशवीत घेऊन. त्यांनी भोकात बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "क्रँक मोजलास?" मी नकारार्थी मान हलवली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आता या रॉडांचाच क्रँक आण. मेन जर्नल जुळतात का तेवढं बघ."

जुळतात. क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो ती मेन जर्नलं दोन्हीकडे ४८ मिलिमीटरची आहेत, म्हणून नंतरचा क्रँक तीन फासळ्यांच्या ब्लॉकमध्ये बसतो. तसा क्रँक शोधायला दीड महिना गेला. तोवर मी कागदावर जे हिशेब केले त्यातला एक मला फार आवडतो. क्रँकची ताकद मेन जर्नल आणि रॉडचं जर्नल एकमेकांवर किती चढतात यावर बरीच अवलंबून असते. बाजूने बघितलं तर दोन वर्तुळं एकमेकांत शिरलेली दिसतात, आणि ती जेवढी जास्त शिरतील तेवढा मधला सांधा दणकट. मेनची त्रिज्या २४, जुन्या जर्नलची २०, क्रँकची फेक (स्ट्रोकच्या निम्मी) ३८.५. चोवीस अधिक वीस वजा साडेअडतीस, म्हणजे साडेपाच मिलिमीटर. नव्यात साडेसहा. व्यास दोनानेच वाढला, पण चढाव जवळपास अठरा टक्क्यांनी वाढला. याचं मोलही द्यावं लागतं. व्यास वाढला की तेवढ्याच फेऱ्यांना जर्नलचा पृष्ठभाग पाच टक्के जास्त वेगाने घासतो आणि तेलही जास्त तापतं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मी ही देवाणघेवाण आनंदाने करते.

रॉडवर काय येतं तेही एकदा मांडून पाहण्यासारखं आहे. मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांना पिस्टन वरच्या टोकाला पोचतो आणि उलटा फिरतो, तेव्हा त्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून जास्त असतो. पिस्टन, रिंगा, पिन आणि रॉडचं वरचं टोक मिळून अर्धा किलो धरलं तर ती ओढ दीड टनाच्या पुढे जाते. स्फोटाच्या वेळी वायूचा दाब रॉडला खाली रेटतो, रॉडला ते सोसतं. एक्झॉस्टच्या फेरीत मात्र वर दाब नसतो, आणि ती सगळी ओढ रॉडच्या दोन बोल्टांवर आणि कॅपवर येते. सेकंदाला बासष्ट वेळा. रॉड तुटले असं आपण म्हणतो, पण अनेकदा आधी बोल्ट सैल होतो किंवा तुटतो.

आणि आता त्या प्रसंगाकडे येते ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले.

नव्या रॉडच्या कॅपांवर आकडे कोरलेले होते: दोन, एक, तीन, दोन. विकणाऱ्याने तिसऱ्या रॉडवर 'तीन' आकड्याची कॅप लावून पाठवली होती आणि रॉडवर रंगाने सिलिंडरचे नंबर टाकले होते. सगळं नीटनेटकं दिसत होतं. पण आकडा सिलिंडरचा असेल तर 'दोन' दोनदा कसा येईल, आणि 'चार' कुठे गेला? मॅन्युअल उघडलं. कॅपवरचा तो आकडा सिलिंडरचा नसतोच. भोक कारखान्यात ज्या मापाच्या गटात उतरलं त्या गटाचा तो आकडा, आणि त्याच आकड्याचं शेल त्यात घालायचं. म्हणजे आधी ज्याने इंजिन खोललं त्याने हे आकडे सिलिंडरचे समजून कॅपा वाटून टाकल्या असणार.

यात किती मोठं नुकसान आहे ते बाहेरून दिसत नाही. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात बोल्टने जोडतात आणि मगच भोक एकत्र बोअर करतात. दोन अर्धवर्तुळं एकमेकांसाठीच कापलेली असतात. दुसऱ्या रॉडची कॅप लावली तरी ती बसते, बोल्ट आवळले जातात, काही अडत नाही. पण भोक गोल राहत नाही.

मी बोअर गेज काढला. बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर (पिळाच्या जोरावर) आवळून प्रत्येक भोक तीन दिशांनी मोजलं: उभं, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना तिरकं. पहिला आणि चौथा रॉड छान, फरक पाच मायक्रॉनच्या (मिलिमीटरचे हजारावे भाग) आत. दुसरा आणि तिसरा दोन्ही बिघडलेले, एकात अडतीस मायक्रॉन, दुसऱ्यात चाळीसच्या वर. तेलाच्या सगळ्या जागेएवढा फरक निव्वळ आकारातच. सांध्यावरून नख फिरवलं तर बारीक पायरी लागत होती. दोन्ही कॅपा सोडल्या आणि दिव्याखाली धरल्या. मशीनच्या हत्याराने भोकात काढलेल्या बारीक रेघा असतात, त्या रॉडवरून कॅपवर सलग जायला हव्यात. अदलाबदल केली तर रेघा जुळल्या. पुन्हा आवळलं, मोजलं: चार मायक्रॉन, तीन मायक्रॉन. दुसऱ्या रॉडची कॅप 'तीन', तिसऱ्याची 'एक' असं ते उलगडलं. रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी एकटीच टाळी वाजवली.

ते रॉड तसेच बसवले असते तर इंजिन सुरू झालं असतं. काही शे किलोमीटर चाललंही असतं. मग दोन बेअरिंगं गेली असती आणि मी पुन्हा तेलाच्या पातळीलाच दोष देत बसले असते.

रॉड वाकलेले किंवा पिळलेले नाहीत ना, तेही काकांच्या फिक्स्चरवर बघितलं. वाकडेपणाची मर्यादा शंभर मिलिमीटरला पाच शतांश, आमचे चारही त्याच्या बरेच आत.

बोल्ट नवे घेतले. एकदा ताणलेल्या, कुणी किती आवळले याचा पत्ता नसलेल्या बोल्टांवर दीड टन टांगायचं मला जमत नाही. बरेच जण नवे बोल्ट ठोकून थेट इंजिन बांधतात. पण बोल्ट बदलला की आवळण्याचा जोर आणि कॅप बसण्याची जागा केसभर बदलते, आणि भोकाचा आकारही. म्हणून नवे बोल्ट पूर्ण टॉर्कवर आवळून काकांनी चारही भोकं होनिंगने (आतून बारीक घासून) हलकीशी सरळ केली. टॉर्कचा आकडा त्या आवृत्तीच्या मॅन्युअलमधला घ्यायचा, जुन्या इंजिनाचा नाही. बोल्टाला तेल लावून आवळायचा की कोरडा, हेही तिथेच बघायचं. तेल लागलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

वजनासाठी दोन संध्याकाळी गेल्या. रॉडचं एकूण वजन करून भागत नाही, कारण मोठं टोक गोल फिरतं आणि लहान टोक वरखाली जातं, दोघांचं काम वेगळं. लहान टोक एका आडव्या सळईवर टांगायचं, मोठं टोक काट्यावर ठेवायचं, रॉड अगदी आडवा. तो थोडा जरी तिरका झाला तरी आकडा बदलतो. मग उलट बाजू. दोन्हींची बेरीज एकूण वजनाएवढी आली नाही तर मांडणी चुकली असं समजून पुन्हा सुरुवात. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या रॉडमध्ये पाच ग्रॅमांचा फरक होता. टोकांवर वजन काढण्यासाठीच ठेवलेले उंचवटे असतात, त्यावरून घासत घासत चौघांना एका ग्रॅमच्या आत आणलं. घासताना रेघा नेहमी रॉडच्या लांबीच्या दिशेने ठेवाव्यात. आडवी रेघ म्हणजे भेगेला दिलेलं आमंत्रण.

गजन पिनेसाठीही एक पळवाट सुचवली गेली होती: वीसच्या भोकात जाड बूश घालून जुनीच अठराची पिन आणि जुने पिस्टन ठेवायचे. करता येतं. पण भरीव पिन धरली तर अठरावरून वीस झाल्याने वाकण्याला विरोध दीडपट होतो, पोकळ पिनेतही फायदा त्याच दिशेचा. तो टाकून द्यायचा तर दणकट रॉड घेतले कशाला? नंतरच्या आवृत्तीचे पिस्टनच घेतले. दाबाचं गुणोत्तर वाढणार म्हणून ब्यूरेटने हेडची पोकळी भरून मोजली, हिशेब १०.१ वर आला. त्याला साजेसं इंधन आणि इग्निशनचं टायमिंग ठेवावं लागेल, बाकी चिंता नाही. माझ्या ब्लॉकला पिस्टनवर तेल मारणाऱ्या नळ्या नाहीत. फार तापवून चालवायची गाडी नाही, म्हणून त्या नंतर बसवायच्या भानगडीत पडले नाही.

पिन घालताना पिस्टन ऐंशी अंशांच्या पाण्यात तापवले. ॲल्युमिनियम फुलतं आणि पिन अंगठ्याने सरकते, हातोडीची गरज पडत नाही. पिस्टनवरची खूण आणि रॉडवरचा उंचवटा, दोन्ही इंजिनाच्या पुढच्या बाजूला.

मग तेलाच्या जागेचा हिशेब, प्रत्येक जर्नलसाठी वेगळा. पहिल्याचा देते: भोक ४५.०१२, शेल १.४८८ ची दोन, जर्नल ४१.९९२. उरले ०.०४४. चौघांत सर्वांत कमी ०.०३६, सर्वांत जास्त ०.०४६. त्यानंतर प्लॅस्टिगेजचा धागा ठेवून कॅप आवळली आणि सोडून चपटा झालेला धागा पट्टीशी लावून बघितला. तो मायक्रोमीटरइतका बारीक बोलत नाही, पण माझ्या बेरजेत ढोबळ चूक असती तर त्याने पकडली असती. रॉडची बाजूची ढिलाई फीलर गेजने वीस शतांशांच्या आसपास आली.

बांधणी एका दिवसात झाली. बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवले, नाहीतर पिस्टन खाली सरकवताना बोल्टाचं टोक नव्या जर्नलला ओरखडा काढतं. एकेक रॉड आवळला की क्रँक हाताने फिरवून बघायचा. प्रत्येक पिस्टनबरोबर रिंगांमुळे तो थोडा थोडा जड होत जातो, पण कुठे अडला तर लगेच कळतं की आत्ता बसवलेल्यातच काहीतरी आहे. चारही बसले, क्रँक सलग फिरला.

आणि मग फ्लायव्हील, क्रँकच्या टोकाला बसणारं जड चाक. मी उचललं, क्रँकच्या मागे धरलं आणि भोकं जुळेनात. जुन्या क्रँकला फ्लायव्हीलसाठी सहा बोल्ट, नव्याला आठ. एवढं सगळं हजारांशात मोजलं आणि बोल्ट मोजायचे राहून गेले. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "रॉड बदलतेस म्हणालीस ना? क्रँक बदलला, पिस्टन बदलला, पिन बदलली. फ्लायव्हील कसं सुटेल?" आठ बोल्टांचं फ्लायव्हील मिळायला आणखी तीन आठवडे गेले. क्लचला चालेल ना, स्टार्टरचे दात जुळतात ना, हे यावेळी आणायच्या आधी बघितलं.

सुरू करताना प्लग काढून स्टार्टरवर इंजिन फिरवलं, तेलाच्या गेजचा काटा उठेपर्यंत. मग प्लग लावले. दुसऱ्या प्रयत्नात पेटलं. मी बॉनेटजवळ वाकून फक्त तळाचा आवाज ऐकत होते. ठोका नव्हता. टॅपेटची टिकटिक थोडा वेळ राहिली, मग तीही गेली.

पाचशे किलोमीटरला तेल बदललं आणि फिल्टर कापला. आतला कागद सोडवून, घडी उलगडून दिव्याखाली पसरला. नव्या रिंगांची बारीक चमकदार धूळ होती, ती असते. तांब्याच्या रंगाचा एकही कण नव्हता. एका घडीत मात्र टाचणीच्या डोक्याएवढा पांढरट तुकडा सापडला. चुंबकाला चिकटला नाही, म्हणजे पोलाद नाही. सीलंटही नाही, कारण नखाखाली तो दबला नाही. ॲल्युमिनियम असावं, बहुतेक बांधणीतच कुठेतरी राहिलेलं. तो छोट्या डबीत घालून वर तारीख आणि किलोमीटर लिहिले आहेत. पुढचा फिल्टर दोन हजारांना कापणार आहे. रोज सकाळी डिपस्टिक बघते.